बूस्टर झेलला तेव्हा आम्ही समोर होतो

किती दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज लिहूनच टाकते.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवारची सकाळ. टेक्ससच्या पार दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून बोका चिका म्हणून जागा आहे, तिथून स्पेसएक्सचं स्टारशिप पाचव्यांदा उडालं आणि सात मिनिटांत त्याचा खालचा भाग, म्हणजे सुपर हेवी बूस्टर, परत आला आणि ज्या टॉवरपासून उडाला होता त्याच टॉवरच्या दोन लोखंडी हातांनी त्याला वरच्यावर धरलं. जमिनीला टेकलाच नाही. ७१ मीटर उंची म्हणजे वीस-बावीस मजली बिल्डिंग धरा, रिकामा असताना सुद्धा दोनशे टनांच्या वर वजन, आणि हे सगळं आकाशातून खाली येऊन हातात बसलं. असं त्याआधी जगात कुठेच कोणी केलेलं नव्हतं. आम्ही समोरच्या किनाऱ्यावर उभे होतो, मधे फक्त पाणी आणि वाळू, अंतर साधारण आठ किलोमीटर.

व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलाय मला माहितीये, पण तिथे उभं राहून बघताना जे होतं ते व्हिडिओत येत नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्यासोबत माझे बाबा होते. बाबांनी अख्खी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये ईओटी क्रेन, म्हणजे छताखाली रुळांवर फिरणारी विजेवरची क्रेन, चालवण्यात काढली. कित्येक टनांच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, उचलायच्या, शॉपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायच्या आणि प्रेसच्या बेडवर अशा ठेवायच्या की खाली उभ्या असलेल्या माणसाला फक्त एक हलकासा टक असा आवाज यावा. त्यामुळे बाकीच्यांना तिथे रॉकेट दिसलं, बाबांना उचल दिसली, आणि त्यांच्याबरोबर बघितल्यामुळे मलाही आता ते तसंच दिसतं.

आधी हे पकडायचं प्रकरण कशासाठी ते सांगते, कारण मला पण माझ्या लेकाने समजावून सांगितलं तेव्हा कळलं. तो पाचवीत आहे आणि रॉकेट सोडून दुसरं काही बोलत नाही. तर याच कंपनीच्या फाल्कन ९ या लहान रॉकेटचे बूस्टर डिसेंबर २०१५ पासून पायांवर उतरतायत, चार पाय उघडतात आणि उभं राहतं. पण पाय म्हणजे वजन. एवढ्या अवाढव्य बूस्टरला पाय लावायचे तर ते पण तसेच दणकट हवेत, ते वर न्यायचे, खाली आणायचे, आणि उपयोग काय तर शेवटच्या दोन-चार सेकंदांपुरता. मग यांनी ठरवलं की पाय रॉकेटला नकोच, हात टॉवरला लावू. टॉवर साधारण १४६ मीटर उंच आहे. त्याचे ते दोन हात तसे रॉकेट रचायच्या कामाचेच आहेत, बूस्टर उचलून लाँच माउंटवर, म्हणजे उड्डाणाच्या चौथऱ्यावर, बसवायचा आणि त्याच्यावर शिप, म्हणजे रॉकेटचा वरचा भाग, चढवायचं. लोक त्यांना चॉपस्टिक्स म्हणतात आणि अख्ख्या टॉवरला मेकाझिला. त्या बूस्टरच्या वरच्या टोकाला चार जाळीदार पंख होते दिशा सांभाळायला, त्यांच्या जरा खाली समोरासमोर दोन पिना बाहेर आलेल्या होत्या. बूस्टर दोन हातांच्या मधे येऊन जवळजवळ थांबतो, हात मिटतात आणि त्या दोन पिना हातांवरच्या पट्ट्यांवर टेकतात. बास. सगळं वजन त्या दोन पिनांवर.

हे सगळं लेकाने त्याच्या आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, दसऱ्याच्या दिवशी जेवताना सांगितलं. बाबा जेवायचे थांबले. म्हणाले, दोनच? आणि मग लगेच, "सिग्नल कोण देणार?"

हा प्रश्न क्रेनवाल्याशिवाय कोणी विचारला नसता. क्रेनवर वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं सगळं दिसत नसतं, खाली एक सिग्नल देणारा असतो, त्याच्या हाताच्या खुणेवर उचल होते आणि त्याने खूण केली नाही तर लोड हलवायचा नाही, मग सुपरवायझर का ओरडेना. लेकाने याचंही उत्तर दिलं, कारण कंपनीने ते आधीच जाहीर केलं होतं. बूस्टर परत वळण्यासाठी इंजिनं पेटवतो ते बर्न संपायच्या आत फ्लाइट डायरेक्टरने स्वतः कमांड पाठवायची, त्याआधी बूस्टरच्या आणि टॉवरच्या हजारो गोष्टी ठीकठाक असल्या पाहिजेत, आणि कमांड गेली नाही किंवा कुठे काही बिनसलं तर बूस्टर टॉवरकडे येतच नाही, सरळ समुद्रात उतरतो. म्हणजे काहीच केलं नाही तर तो पाण्यात जाणार, टॉवरकडे यायला मुद्दाम हो म्हणावं लागतं. बाबा म्हणाले, हां मग ठीक आहे, आणि पुन्हा जेवायला लागले.

त्या वर्षी दसरा १२ तारखेला शनिवारी होता. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते, मंडळात एका मावशींनी परसात झेंडू लावलेत त्यांनी पिशवीभर फुलं दिलेली, आईने तोरण केलं आणि बाबांनी हार. बाबांच्या शॉपमध्ये खंडेनवमीला क्रेन धुऊन पुसून हुकाला हार घालायचे, नारळ फुटायचा, पेढे, लहानपणी मी एकदा बघायला गेलेय, तो हुक माझ्यापेक्षा मोठा होता आणि त्याला झेंडूचा हार. इथे क्रेन नाही तर बाबांनी नवऱ्याच्या टूलबॉक्सची, लेकाच्या लॅपटॉपची आणि गाडीची पूजा केली.

आठवडाभर चर्चा चालू होती की रविवारी उडणार, पण सरकारी परवानगी यायची होती. आधी तर एफएएने, म्हणजे परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, नोव्हेंबर अखेरपर्यंत काही होणार नाही असं सांगितलेलं. आणि नेमकी दसऱ्याच्या दिवशीच परवानगी आली. आम्ही उशिरा जेवायला बसलो होतो, लेक ताटावरून उठून नाचायला लागला. नवरा म्हणाला चला निघू, आई म्हणाली मी धाकटीला घेऊन घरी थांबते, सणाच्या दिवशी घराला कुलूप नको, तुम्ही जाऊन या, सीमोल्लंघन होईल. आणि खरोखरच देशाच्या सीमेपर्यंत जायचं होतं. पुरणपोळ्या फॉइलमध्ये बांधल्या, पाण्याचे कॅन, चादरी, नवऱ्याची दुर्बीण, निघालो. गाडीच्या पुढे हार तसाच.

ह्यूस्टनपासून साउथ पाड्रे आयलंड सहा तासांचा रस्ता. व्हिक्टोरिया, रेफ्युजिओ, किंग्जव्हिल, आणि त्याच्या पुढे किंग रँचचा तो लांबलचक पट्टा जिथे मैलोनमैल ना पेट्रोल पंप ना दिवा. बेटावर एक खोली शिल्लक नव्हती म्हणून हार्लिंजनला मोटेल घेतलं, पाठ टेकली न टेकली तोच पहाटे तीनला उठून परत निघालो. पोर्ट इझाबेलच्या पुलाला लागलो आणि गाड्यांची रांग सुरू.

आयला ब्लांका पार्क बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. तिथून जहाजांचा चॅनल, दगडांचा बांध, आणि त्याच्या पलीकडे बोका चिकाचा किनारा. अंधारात गाडीतून उतरलो आणि समोर ते होतं. प्रकाशझोतात उभं, पांढरट चंदेरी, एवढ्या लांबून सुद्धा उंच. बाबा बराच वेळ दुर्बीण घेऊन बघत होते. मला वाटलं रॉकेट बघतायत, पण ते टॉवर बघत होते. हात कुठे आहेत, कुठल्या बाजूने वळतात, रोप कुठून आलाय. त्या टॉवरला रोप आहे, पुली आहेत, विंच आहे, हात वरखाली करायला, म्हणजे मुळात त्यांच्याच बिरादरीतली गोष्ट, आणि ते खूश झाले. म्हणाले, हे मला समजतंय, वरचं नाही समजत, पण हे समजतं.

गर्दी खूप आणि सगळ्या तऱ्हेची. मेक्सिकन कुटुंबं घोंगड्या अंथरून बसलेली, आजी-नातवंडं, शेगड्यांवर काही काही भाजणं चालू, इंजिनिअरिंगचे पोरं ट्रायपॉड लावून, आणि आमच्या बाजूलाच एक तमिळ जोडपं डॅलसहून रात्रभर गाडी चालवत आलेलं. त्यांना पुरणपोळी दिली, त्यांनी थर्मासमधली फिल्टर कॉफी दिली. गाडीवरचा हार बघून दोन-तीन जणांनी विचारलं हे काय, बाबांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, "यस्टरडे मशीन पूजा. टुडे बिग मशीन." एका म्हाताऱ्या माणसाने त्यातलं एक फूल मागून घेतलं आणि टोपीत खोचलं.

सव्वासातला वगैरे पूर्वेला फटफटलं होतं, सूर्य अजून यायचा होता. ७ वाजून २५ मिनिटांनी उडालं.

आता जे सांगतेय ते व्हिडिओत येत नाही. पहिल्यांदा आवाजच नसतो. खाली एकदम केशरी उजेड झाला, दोन्ही बाजूंना वाफेचे प्रचंड लोट गेले, आणि तो डोंगराएवढा ऐवज काहीही आवाज न करता वर जायला लागला. ३३ इंजिनं पेटलेली, माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या जवळजवळ दुप्पट जोर, आणि आमच्याकडे फक्त लाटांचा आवाज आणि लोकांचं ओरडणं. आठ किलोमीटर यायला आवाजाला तेवीस-चोवीस सेकंद लागतात. लेक मोठ्याने आकडे मोजत होता आणि वीसच्या पुढे गेल्यावर ते आलं. आधी पायाखाली, मग छातीत, आणि मग कानात, आणि तो नुसता गडगडाट नाही, फाडल्यासारखा तडतड तडतड आवाज, सलग, वाढतच जाणारा. पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. मी लेकाचा हात धरला होता, माझा शर्ट हलत होता, वाऱ्याने नाही, आवाजाने. वर गेल्यावर त्याला आमच्या आधी ऊन लागलं आणि त्याच्या मागचा सगळा धूर सोनेरी झाला, आम्ही अजून सावलीत.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आसपास वेगळं झालं. सत्तरेक किलोमीटर उंचीवर एका ठिपक्याचे दोन ठिपके, वरचा पुढे निघून गेला आणि खालचा मागे वळला. तो मागे वळताना जो धुराचा पडदा पसरला तो मी कधी विसरणार नाही, निळसर पांढरा, अर्ध्या आकाशात उलगडत जाणारा. बाजूच्या पोरांनी फोनवर लाइव्ह लावलं होतं, ते काही सेकंद मागे चालतं, आणि त्यावरून कळलं की कॅचसाठी हो म्हटलंय. एकच ओरडा झाला. बाबांनी मला विचारलं काय झालं, मी म्हटलं सिग्नल मिळाला.

आणि मग एक दोन-अडीच मिनिटं काहीच नाही. सगळे वर बघतायत. दुर्बिणीवाले कुठे, कुठे करत शोधतायत. मग कोणीतरी बोट दाखवलं आणि दिसला, उभा, सरळ खाली पडत येणारा, इंजिनं बंद, आग नाही, धूर नाही, आवाज नाही. माझ्यासाठी सगळ्यात भीतीदायक तेच होतं. एवढी मोठी वस्तू, आवाजापेक्षा जास्त वेगाने येतेय म्हणून तिचा आवाज तिच्या मागे राहिलाय, आणि आपल्याला दिसतंय की बिल्डिंग आकाशातून पडतेय आणि सगळं शांत. दुर्बिणीतून बुडाला लाल झालेलं दिसत होतं. मनात फक्त एकच की आता हा आपटणार, वेळ संपली, आता थांबणं शक्यच नाही.

अगदी खाली आल्यावर १३ इंजिनं पेटली. एवढा वेग त्याने काही सेकंदांत खाऊन टाकला की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, पडणारी वस्तू एकदम तरंगायला लागली. मग तीनच इंजिनं. आणि तो सरळ टॉवरवर आला नाही, आधी जरा बाजूला होता आणि तिरका होऊन टॉवरकडे सरकत आला, शेवटच्या क्षणाला परत सरळ झाला. बाजूला येतो तो मुद्दाम, इंजिनं नीट पेटली नाहीत तर टॉवरवर पडू नये म्हणून, हे नंतर लेकाने सांगितलं.

त्या वेळी मी एक क्षण बाबांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात छातीपुढे आला होता. अंगठा आणि बोटं जवळ आणत, उघडत, परत जवळ आणत. इंच इंच खाली घे, अशी खूण असते ती, शॉपमधली. तोंडाने हळू आवाजात, "येऊ दे... येऊ दे... हळू... हळू..." रिटायर होऊन किती वर्षं झाली, त्यांना कळत पण नव्हतं हात चाललाय ते. समोर धुरातून तो हातांच्या मधे आला, हात मिटले, ज्वाळा अजून खाली चालू, मग ज्वाळा गेल्या. आणि बाबांची मूठ बंद झाली. म्हणजे थांब.

तो पडला नाही. लटकत होता.

आणि त्याच सुमाराला सोनिक बूम, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने येणाऱ्या वस्तूचा दणका, आमच्यापर्यंत पोचला, धाड्‌ धाड्‌, अंग दचकून गेलं, आणि त्याच्या मागोमाग इंजिनांचा आवाज आला, म्हणजे डोळ्यांसमोर सगळं संपलेलं आणि कानांना ते अजून घडत होतं. लोक रडत होते. मी रडत होते. ते तमिळ गृहस्थ माझ्या नवऱ्याला मिठी मारून उड्या मारत होते, मेक्सिकन आजी छातीवर क्रॉस करत होत्या, लेक वाळूत गडबडा लोळत "पकडला, पकडला" ओरडत होता. बाबा मात्र दुर्बीण लावून उभे. खालच्या बाजूला एक ज्वाळ अजून जळत होती, ती त्यांनी आम्हाला दाखवली, आणि मग म्हणाले, "झुलत नाहीये बघ. एवढा लोड आलाय तरी झुलत नाहीये."

लोड झुलला नाही याचा अर्थ उतरवणाऱ्याने आडवा वेग सगळा काढून टाकला होता, मगच वजन सोडलं. हे मला त्यांनी परतीच्या वाटेवर समजावलं. क्रेन पुढे चालत असताना तुम्ही एकदम थांबवली तर खालचा लोड पुढे झोका खातो, डाय असली तर समोरच्या माणसाला चेपते. चांगला ऑपरेटर झोका यायच्या आत तो मारतो, लोडच्या मागे क्रेन थोडी नेऊन. इथे लोड स्वतःच इंजिन चालवत आला, क्रेन उभी होती, आणि तरी शेवटी दोघं एकमेकांना हलकेच भेटले. ते म्हणाले, आमच्याकडे नवीन माणसाला हे यायला दोन वर्षं लागतात.

शिपचं पण सांगायला हवं. ते पुढे निघून गेलं, अर्धी पृथ्वी ओलांडून तासाभराने, साधारण उड्डाणानंतर ६५ मिनिटांनी, हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उतरलं. तोपर्यंत आम्ही पार्किंगमधून बाहेर पण पडलो नव्हतो, पुलापर्यंत गाड्याच गाड्या. फोनवर बघितलं. तिकडे रात्र होती, पाण्यावर तरंगत्या कॅमेऱ्यातून ज्वाळा खाली येताना दिसली, अगदी नेमक्या जागी, मग शिप आडवं पडलं आणि पेटलं, ते तसंच होणार होतं, ते परत आणायचं नव्हतंच.

पुढे काही दिवसांनी कळलं ते ऐकून मात्र अंगावर काटा आला. कंपनीच्या इंजिनिअर लोकांचं आपसातलं बोलणं बाहेर आलं, त्यात असं होतं की एका मर्यादेच्या इतकं जवळ गेलं होतं की अजून एक सेकंद आणि सिस्टिमने पकडायचं सोडून दे असा निर्णय घेतला असता, आणि बूस्टर टॉवरच्या शेजारी जमिनीवर गेला असता. शिवाय येताना बाजूचं एक कव्हर निघून गेलं होतं, बाहेरच्या इंजिनांची नळकांडी उष्णतेने वाकली होती. आम्हाला किनाऱ्यावरून जे एवढं सहज वाटलं ते तसं नव्हतं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी ते नंतर बसून तपासलं, काय चुकता चुकता राहिलं त्याची यादी काढली. पकडला ना, झालं तर मग, असं म्हणाले नाहीत.

तिथे सगळेच खूश आहेत असं नाही, हेही लिहायला हवं. बोका चिकाचा बीच लाँचच्या आणि टेस्टच्या दिवशी बंद असतो, जो तिथल्या लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा फुकटचा बीच आहे, फी न देता जायचा. बाजूला वन्यजीवांचं अभयारण्य आहे, पर्यावरणवाले कोर्टात गेले होते. आमच्या शेजारी बसलेली बाई पोर्ट इझाबेलची होती, तिने सांगितलं की खिडक्या हादरतात, कुत्रा दिवसभर पलंगाखाली, आणि तरी ती पोरांना घेऊन बघायला आलेली. मला तिचं दोन्ही पटतं. कंपनीच्या मालकाबद्दल पण ज्याचं त्याचं मत आहे, माझंही आहे, पण त्या पिना ज्याने वेल्ड केल्या, ज्याने हजारदा तपासल्या, तो माणूस मला माझ्या बाबांच्या शॉपमधला वाटतो आणि त्या दिवशी मी टाळ्या त्याच्यासाठी वाजवल्या.

बाबा नोव्हेंबरच्या सुरुवातीला परत गेले. १९ नोव्हेंबरला सहावं उड्डाण झालं, भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन, बाबा अलार्म लावून उठले होते. त्या वेळी टॉवरच्या तपासणीत गडबड निघाली आणि बूस्टरला समुद्रात पाठवलं, टॉवरकडे आणलंच नाही. नेटवर सगळे नाराज, लेक तर चिडून झोपायच्या खोलीत निघून गेला. मी बाबांना फोन केला तर ते मजेत होते. म्हणाले, अगं हेच बघायचं होतं मला. सिग्नल नाही, उचल नाही. त्यांच्या शॉपला एकदा स्लिंगला, म्हणजे लोड हुकाला अडकवायच्या पट्ट्याला, चीर दिसली म्हणून त्यांनी डाय उचलायला नकार दिला होता, अख्खी लाइन बंद राहिली, बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी ती स्लिंग ओढून बघितली तर तुटली. ही गोष्ट आम्हाला त्यांनी कधीच सांगितली नव्हती, त्या दिवशी फोनवर सांगितली, लेकाला बोलावून परत एकदा सांगितली.

मग जानेवारी २०२५ मध्ये आणि मार्च २०२५ मध्ये परत पकडला, आणि मे महिन्यात तर जानेवारीत पकडलेलाच बूस्टर पुन्हा उडवला, २९ इंजिनं तीच जुनी. जानेवारी आणि मार्च, दोन्ही वेळांना वरचं शिप मात्र गेलं, हवेत तुटलं, त्यामुळे सगळं जमलंय असं अजिबात नाही. पण खालचं अर्धं काम जमतंय.

कोणाला जाऊन बघायचं असेल तर जरूर जा, फोनवर बघून समाधान मानू नका. आयला ब्लांका पार्कमध्ये गाडीची फी भरून जाता येतं, पण पहाटेच पोचायचं, सकाळचं लाँच असेल तर चारच्या आत. बेटावर खोली मिळाली नाही तर हार्लिंजन किंवा ब्राउन्सव्हिल बघा. तारीख पुढे जाते, सारखी जाते, त्यामुळे एक दिवस जास्तीचा धरून जा. दुर्बीण न्या, डासांचं औषध न्या, लहान मुलांच्या कानांसाठी काहीतरी न्या. आणि आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर त्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट आठवणीने सोबत ठेवा, येताना सरिताला बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट आहे, प्रत्येक गाडी थांबवतात. आमच्याकडे होते, अधिकाऱ्याने बाबांना कुठून आलात विचारलं, बाबांनी समोरच्या हाराकडे बोट करून लाँच बघून आलो म्हणून सांगितलं, आणि मग मागे गाड्यांची रांग लागलेली असताना त्या अधिकाऱ्याने आम्हाला विचारलं की खरंच पकडला का, ड्युटीमुळे त्याला बघायला मिळालं नव्हतं. लेकाने खिडकीतून फोन बाहेर काढून त्याला व्हिडिओ दाखवला.